हिरोसाकी उद्यानातली चेरी: जाण्याआधी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे उद्यान नेमकं कुठे आहे आणि त्यात विशेष काय?

जपानच्या मुख्य बेटाच्या, होन्शूच्या, अगदी उत्तर टोकाला आओमोरी प्रांत आहे. तिथलं हिरोसाकी हे जुनं किल्ल्याचं शहर. त्सुगारु घराण्याने १६११ मध्ये इथला किल्ला पुरा केला आणि १८९५ मध्ये तो सार्वजनिक उद्यान म्हणून लोकांना खुला झाला. खंदक, तट, पाच दरवाजे, तीन बुरूज आणि बालेकिल्ल्यातला मुख्य मनोरा हे सगळं टिकून आहे. सुमारे ४९ हेक्टरच्या या आवारात पन्नासहून अधिक प्रकारांची जवळपास २,६०० चेरीची झाडं आहेत.

संख्येत याच्या बरोबरीच्या बागा जपानात आणखीही सापडतील. इथे पाहायची ती झाडांची वयं. जपानात सगळ्यात जास्त लावलेली जात सोमेइ योशिनो. ती साधारण साठ वर्षांत थकते असं सर्वत्र धरून चालतात. हिरोसाकीत याच जातीची शंभरी ओलांडलेली तीनशेहून अधिक झाडं आजही फांदीभर फुलतात.

कधी जावं?

सुरक्षित उत्तर हवं असेल तर १८ ते २८ एप्रिल. पण हे उत्तर जसंच्या तसं धरून विमानाची तिकिटं काढली, तर निराश होण्याची शक्यता बरीच राहते.

पूर्वी इथला बहर एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात सुरू होऊन मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यापर्यंत चाले. म्हणूनच जुन्या प्रवासवर्णनांत ‘मेच्या सुट्टीत हिरोसाकी’ असं वाचायला मिळतं. अलीकडे मार्च उबदार जातो आणि कित्येक वर्षी एप्रिलच्या मध्यालाच कळ्या उमलू लागतात. उद्यानात दर वसंतात भरणाऱ्या चेरी-उत्सवाच्या तारखाही त्यामुळे आधी सरकल्या. आता तो एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्याच्या आसपास सुरू होतो आणि ५ मेपर्यंत चालतो. उत्सव सुरू असणं आणि सोमेइ योशिनो बहरात असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. उत्सवाच्या शेवटच्या दिवसांत मुख्य झाडं हिरवी झालेली असू शकतात.

एका झाडाचा हिशोब असा: पहिली फुलं उमलल्यापासून पूर्ण बहर यायला चार-पाच दिवस, पूर्ण बहर टिकतो तीन-चार दिवस, मग पाकळ्या गळायला लागतात. रात्री थंड असल्या तर हे सगळं लांबतं. एकदम वीस अंशांच्या वर ऊन पडलं किंवा जोराचा पाऊस-वारा आला, तर दोन दिवसांत खेळ संपतो.

सुदैवाने सगळं उद्यान एकाच दिवशी फुलत नाही. बाहेरच्या खंदकाकाठची झाडं आधी, मग आतली, आणि सगळ्यात शेवटी पश्चिमेच्या खंदकाची, म्हणजे निशिबोरीची. बालेकिल्ल्यातल्या लोंबत्या फांद्यांच्या शिदारे-झाकुरा, आणि त्यानंतर आठ-दहा दिवसांनी भरगच्च दुहेरी पाकळ्यांच्या याए-झाकुरा येतात. त्यामुळे सलग दोन-तीन दिवस हाताशी असतील, तर काही ना काही पूर्ण बहरात मिळण्याची शक्यता खूप वाढते. एका दिवसाची धावती फेरी मात्र जुगार आहे.

बहराचा अंदाज कसा वाचायचा?

संपूर्ण जपानचे नकाशे दाखवणाऱ्या अंदाजांत बहुधा ‘आओमोरी’ शहराची तारीख असते. हिरोसाकी त्याच्यापेक्षा थोडं आधी फुलतं. म्हणून शहराचा स्वतःचा अंदाज पाहावा. त्यात बाहेरचा खंदक, उद्यानाचा आतला भाग आणि निशिबोरी अशा तीन ठिकाणांच्या तारखा वेगवेगळ्या दिलेल्या असतात. मार्चपासून तो वेळोवेळी सुधारला जातो. फेब्रुवारीतल्या आकड्यावर फार विसंबू नका, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातला बराच भरवशाचा असतो.

काही शब्द लक्षात ठेवले की जपानी पानाचं यंत्रभाषांतरही समजतं:

- काइका: नमुन्याच्या झाडावर पाच-सहा फुलं उमलली. हा बहर नव्हे. या दिवशी पोहोचलात तर झाडं गुलाबी कळ्यांची दिसतील.
- गोबु-झाकी: निम्मी फुलं उघडली. फोटोसाठी चांगलं, गर्दी अजून कमी.
- मानकाइ: सुमारे ८० टक्के फुलं उघडली. हाच पूर्ण बहर.
- चिरिहाजिमे: पाकळ्या गळू लागल्या. पुष्कळजण हे वाचून बेत रद्द करतात. इथे तसं करू नये. कारण खाली ‘फुलांचा तराफा’ या प्रश्नात आहे.
- हाझाकुरा: फुलं जाऊन पालवी आली.

सोमेइ योशिनोची सगळी झाडं कलमाने वाढवलेली, म्हणजे एकाच झाडाच्या प्रती आहेत. त्यामुळे एका काठावरची झाडं जवळजवळ एकाच वेळी उमलतात आणि एकाच वेळी गळतात. अंदाज नेमका बांधता येतो तोही त्यामुळेच.

आम्ही पोहोचलो आणि फुलं आधीच गेलेली असली, किंवा अजून उमललीच नसली तर?

उत्तर जपानची खरी सोय इथे कामाला येते. बहर दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो आणि रेल्वेमार्गही त्याच दिशेने जातो.

हिरोसाकी अजून कळ्यांत असेल, तर दक्षिणेला काकुनोदाते गाठा. अकिता प्रांतातलं हे सामुराई वाड्यांचं गाव साधारण काही दिवस आधी फुलतं. काळ्या लाकडी कुंपणांवरून झुकलेल्या शिदारे-झाकुरा आणि नदीकाठची लांबच लांब रांग, दोन्ही तिथे एकाच दिवसात होतं.

हिरोसाकी गळून गेलं असेल, तर समुद्राखालच्या बोगद्यातून पलीकडे होक्काइदोला जा. शिन-आओमोरीहून शिनकानसेन, म्हणजे अतिवेगवान रेल्वे, साधारण तासाभरात शिन-हाकोदाते-होकुतोला पोचवते. हाकोदातेचा पंचकोनी किल्ला गोर्योकाकु बहुधा हिरोसाकीच्या काही दिवस मागे असतो.

म्हणून आखणी करताना हिरोसाकीचे दिवस प्रवासाच्या अगदी शेवटी खिळवून ठेवू नका. टोकियो, निक्को, सेंदाई वगैरे ठिकाणं मागे-पुढे करता येतील अशी ठेवा. हॉटेलं विनाशुल्क रद्द होणारी घ्या, भले रात्रीमागे थोडे जास्त पैसे पडोत.

मुलांच्या परीक्षा एप्रिलच्या शेवटपर्यंत असतात. त्यानंतर जाण्यात अर्थ आहे का?

महाराष्ट्रातून कुटुंबासह जाणाऱ्यांचा हा नेहमीचा पेच. टोकियो-क्योतोचा मार्चअखेरचा बहर शाळांमुळे हुकतो, म्हणून लोक हिरोसाकीकडे वळतात. २८ एप्रिल ते ४ मे या काळात पोहोचणार असाल, तर सोमेइ योशिनो गेलेली असेल असं धरूनच निघा. तरीही याए-झाकुरा मिळण्याची चांगली आशा असते. कान्झानचे गडद गुलाबी गेंद, उकोनची फिकट पिवळसर फुलं, शोगेत्सुची झालरीसारखी पांढरी-गुलाबी फुलं: लहान मुलांच्या हाती लागतील एवढ्या खाली येणाऱ्या या फांद्या त्यांना बहुधा जास्त आवडतात. शिवाय वर सांगितलेला हाकोदातेचा पर्याय हाताशी ठेवा.

एक अडचण मात्र टाळता येत नाही. २९ एप्रिल ते ५ मे हा जपानचा ‘गोल्डन वीक’. या आठवड्यात अख्खा देश फिरायला निघतो. उत्सवाला सगळे दिवस मिळून वीस लाखांच्या घरात माणसं येतात आणि त्यांतली मोठी गर्दी याच दिवसांत असते.

शंभर वर्षांची सोमेइ योशिनो इथेच कशी टिकली?

जपानी म्हण आहे, ‘साकुरा किरु बाका, उमे किरानु बाका’: चेरी छाटणारा मूर्ख, आणि प्लम न छाटणाराही मूर्ख. चेरीची फांदी कापली की जखमेतून बुरशी शिरते, खोड आतून कुजतं. त्यामुळे बहुतेक ठिकाणी चेरीला हात लावत नाहीत.

हिरोसाकी मात्र सफरचंदांचा मुलूख. जपानातली निम्म्याहून जास्त सफरचंदं आओमोरीत पिकतात आणि त्यांतली सगळ्यात मोठी वाटणी हिरोसाकीची. सफरचंद आणि चेरी दोन्ही गुलाबाच्या कुळातली. थकलेल्या चेरींना वाचवण्यासाठी इथल्या उद्यानाने सफरचंदाची छाटणी चेरीवर आणली, ती आज ‘हिरोसाकी पद्धत’ म्हणून ओळखली जाते. उद्यानात त्यासाठी ‘साकुरामोरी’ म्हणजे चेरीची राखण करणारी खास माणसं नेमलेली आहेत.

काम असं चालतं. फेब्रुवारी-मार्चमध्ये, बर्फ जमिनीवर असतानाच, म्हाताऱ्या आणि रोगट फांद्या त्यांच्या बुडापासून कापतात. मध्येच खुंट ठेवला तर तो वाळतो आणि कूज तिथूनच आत जाते, म्हणून काप नेमका फांदीच्या सांध्याशी घेतात. कापलेल्या जागेवर बुरशीनाशक लेप लावतात. ‘तेंगुसु’ नावाच्या रोगात फांदीवर झाडूसारखा बारीक काटक्यांचा झुपका येतो, त्याला फुलं लागत नाहीत आणि तो शेजारी पसरतो. असे झुपके काढून जाळतात. छाटणीमुळे खालच्या बाजूने नवे धुमारे फुटतात, झाड पुन्हा तरुण फांद्यांवर येतं. खोड आतून पोकळ झालेलं असलं, तरी त्या पोकळीत सुटलेली नवी मुळं जमिनीपर्यंत पोचू दिली की झाड त्यांच्यावर जगतं. जोडीला नियमित खत.

परिणाम डोळ्यांना दिसतो. एका कळीतून एरवी तीन-चार फुलं येतात, इथे चार-पाच आणि काही ठिकाणी त्याहून जास्त. म्हणून फांदी फुलांनी गच्च भरलेली दिसते. आणि फांद्या खाली असल्यामुळे फुलं नजरेच्या उंचीवर येतात.

इतिहासाचीही साथ आहे. १७१५ मध्ये क्योतोहून पंचवीस चेरी इथे आणून लावल्याची नोंद आहे. १८८२ मध्ये किकुची ताते या पूर्वाश्रमीच्या सामुराईने ओस पडत चाललेल्या किल्ल्यात सोमेइ योशिनोची हजार रोपं लावली. किल्ल्याला फुलं बघत दारू पिण्याची जागा करणं काही जुन्या सामुराईंना सहन झालं नाही आणि त्यांनी पुष्कळ रोपं उपटून टाकली. जी वाचली त्यांतलं एक झाड आजही दुसऱ्या कोटात, पूर्वेच्या बाजूला उभं आहे. ते जपानातल्या सगळ्यात जुन्या सोमेइ योशिनोंपैकी एक मानलं जातं. दुसऱ्या महायुद्धात आओमोरी शहर बॉम्बहल्ल्यात जळालं, हिरोसाकीवर बॉम्ब पडले नाहीत.

‘फुलांचा तराफा’ म्हणजे काय आणि तो कधी दिसतो?

जपानीत हानाइकादा. गळलेल्या पाकळ्या खंदकाच्या पाण्यावर साठत जातात आणि पाणी दिसेनासं होऊन फिकट गुलाबी थर पसरतो. आमच्या मते हिरोसाकीला येण्याचं हेच सगळ्यात मोठं कारण आहे. पूर्ण बहर बाकी गावांतही भेटतो. काठावर दाट रांगेने झाडं, फांद्या पाण्यावर झुकलेल्या आणि पाणी जवळपास स्थिर, हे सगळं एका जागी क्वचित जुळतं.

बाहेरच्या खंदकाचा पूर्ण बहर जाहीर झाल्यावर तीन ते सहा दिवसांनी तो दाट होतो. सुरुवातीला ठिपके, मग बेटं, मग सलग थर. दोन-तीन दिवसांत पाकळ्या तपकिरी पडू लागतात. जोराचा पाऊस झाला तर त्या लवकर बुडतात.

वारा सुटला की थर एका बाजूला ढकलला जातो. अशा वेळी खंदकाच्या ज्या टोकाकडे वारा वाहतोय, तिथे चालत जा. शहराच्या नगरपालिकेसमोरचा ओतेमोन दरवाजा आणि त्याच्या दोन्ही अंगांचा खंदक पहाटे पाहावा, तेव्हा वारा पडलेला असतो. एप्रिलच्या शेवटी इथे पावणेपाचच्या सुमारास उजाडतं. सहाला पोहोचलात तर तासभर शांतता मिळते.

टोकियोहून कसं जायचं?

टोकियो स्थानकाहून तोहोकु शिनकानसेनची ‘हायाबुसा’ गाडी, शिन-आओमोरीपर्यंत सुमारे सव्वातीन तास. तिथे ओउ मार्गाची साधी गाडी पकडून साधारण चाळीस मिनिटांत हिरोसाकी. अधूनमधून ‘त्सुगारु’ ही जलद गाडी आहे, तिला अर्धा तास लागतो पण वेगळं जलदगाडी-शुल्क पडतं.

लोक अडकतात ते आरक्षणात. हायाबुसाचे सगळे डबे आरक्षित असतात, ‘बसू कुठेतरी’ असं चालत नाही. आरक्षण प्रवासाच्या एक महिना आधी, त्याच तारखेला, जपानी वेळेनुसार सकाळी दहाला उघडतं. म्हणजे भारतात सकाळी साडेसहा. गोल्डन वीकच्या आसपासच्या जागा भराभर जातात, तेव्हा गजर लावून उठा. सगळ्या जागा संपल्यावर ठरावीक संख्येत उभ्याने प्रवासाची तिकिटं विकतात, तीन तास उभं राहायची तयारी असेल तर तोही मार्ग आहे.

पासांबद्दल: देशभर चालणाऱ्या जेआर (जपान रेल्वे) पासचे दर ऑक्टोबर २०२३ मध्ये खूप वाढले. फक्त टोकियो ते हिरोसाकी आणि परत एवढंच करायचं असेल तर तो परवडणार नाही. जेआर ईस्टचा पूर्व जपानपुरता पास त्या वेळच्या दराने तपासून पाहा. टोकियोतलं सुइका कार्ड (आधी पैसे भरून ठेवायचं प्रवासाचं कार्ड) वापरून टोकियोपासून थेट हिरोसाकीपर्यंत जाता येत नाही. दोन्ही ठिकाणी कार्ड चालतं, पण दोन वेगळ्या विभागांमध्ये प्रवास सलग मोजला जात नाही. लांबच्या प्रवासाचं कागदी तिकीट किंवा ऑनलाइन आरक्षणच घ्या.

विमानाने टोकियोच्या हानेदा विमानतळाहून आओमोरी सव्वातासावर आहे, आणि विमानतळावरून हिरोसाकीला थेट बस सुमारे तासाभराची. रात्रीच्या बसला नऊ-दहा तास लागतात. ती स्वस्त आहे, पण पाठ धरणाऱ्यांनी टाळलेली बरी.

हिरोसाकी स्थानकापासून उद्यान साधारण दोन किलोमीटर. दोतेमाचीमार्गे फिरणारी बस पंधरा मिनिटांत नगरपालिकेच्या थांब्यावर सोडते. बसमध्ये उतरताना पैसे द्यायचे असतात, सुट्टी नाणी जवळ ठेवा. उत्सवात रस्ते तुंबतात, तेव्हा अर्धा तास चालणं बऱ्याचदा लवकर पोचवतं.

राहायची सोय कुठे करावी?

हिरोसाकीत हॉटेलं मोजकी आहेत, बहराच्या दिवसांत त्यांचे दर वाढतात आणि ती फार आधी भरतात. सहा महिने आधी पाहायला लागा. तिथे मिळालं नाही तर आओमोरी शहरात राहा, गाडीने पाऊण तास. रात्रीची रोषणाई पाहून परतणार असाल, तर शेवटच्या गाडीची वेळ आधीच लिहून ठेवा. ती मुंबईच्या लोकलसारखी मध्यरात्रीपर्यंत धावत नाही.

तिकीट लागतं का?

उद्यानाचा बहुतेक भाग, दोन्ही खंदकांचे काठ आणि निशिबोरीचा चेरीचा बोगदा (फांद्यांच्या कमानीखालची वाट) विनामूल्य आणि सदैव खुला. १ एप्रिल ते २३ नोव्हेंबर या काळात बालेकिल्ला आणि उत्तरेचा कोट यांना मिळून प्रौढांना ३२० येन, मुलांना १०० येन असा दर चालत आला आहे, आणि वेळ सकाळी ९ ते ५. उत्सवात ती सकाळी ७ ते रात्री ९ होते. आवारातल्याच वनस्पती उद्यानाचं तिकीट वेगळं, आणि दोन्ही मिळून सवलतीचं तिकीटही मिळतं.

एका दिवसात कोणत्या क्रमाने पाहावं?

पहाटे ओतेमोनकडून सुरुवात करा. आधी बाहेरचा खंदक, मग आत येऊन दुसऱ्या कोटातलं १८८२ चं झाड आणि बुरूज. सातला बालेकिल्ला उघडतो तेव्हा गेजोबाशी या लाल पुलावरून वर जा. सकाळी ऊन पाठीशी असतं, त्यामुळे पश्चिमेच्या कठड्यावरून १,६२५ मीटर उंचीचा इवाकी पर्वत बर्फासकट स्वच्छ दिसतो. दुपारनंतर तो धूसर होतो.

नऊनंतर गर्दी वाढली की वनस्पती उद्यानात शिरा, तिथे लोक कमी असतात. जेवून थोडी विश्रांती घ्या. दुपारी उशिरा निशिबोरीला जा. तिथे भाड्याने होड्या मिळतात, वारा वाढला की बंद ठेवतात. साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो आणि उत्सवात रात्री दहापर्यंत रोषणाई असते. निशिबोरीच्या पाण्यातलं प्रतिबिंब अंधार पडायला लागल्यावरच्या पहिल्या अर्ध्या तासात पाहा, तेव्हा आकाशात निळाई शिल्लक असते.

फोटोंत लाल पुलामागे मनोरा दिसतो. प्रत्यक्षात तो तिथे का नसतो?

मनोऱ्याखालची दगडी तटबंदी फुगत चालली होती. ती उलगडून पुन्हा रचण्यासाठी २०१५ मध्ये तीन मजली मनोरा अखंड उचलून सुमारे सत्तर मीटर आत, बालेकिल्ल्याच्या मध्यात सरकवला गेला. तटाचं काम वर्षानुवर्षांचं आहे आणि मनोऱ्याचं मूळ जागी परतणं त्यानंतरचं. निघण्याआधी शहराच्या संकेतस्थळावर तो सध्या कुठे आहे आणि आत जाता येतं का, एवढं पाहून घ्या. आतल्या जागी असताना एक फायदा होतो: मनोरा आणि इवाकी पर्वत एकाच चौकटीत येतात.

हा मनोरा १८१० सालचा. मूळचा पाच मजली मनोरा १६२७ मध्ये वीज पडून जळाला होता. जपानात जुन्या काळापासून टिकलेले मनोरे फक्त बारा उरलेत, आणि तोहोकु, म्हणजे होन्शूच्या उत्तर भागातला, तर हा एकच.

झाडाखाली बसून डबा खाता येतो का?

येतो, तीच इथली रीत. हानामी म्हणजे चटई अंथरून, माणसं जमवून, खात-पीत फुलं पाहणं. प्लास्टिकची चादर शंभर येनच्या दुकानात मिळते. चपला-बूट चादरीबाहेर काढायचे. चादर खोडाला चिकटवून पसरू नका: तुडवून जमीन दाबली गेली की मुळांना हवा-पाणी मिळत नाही, आणि म्हाताऱ्या झाडांची मुळं वरच्या थरातच असतात. कचऱ्यासाठी पिशवी सोबत न्या.

फांदी ओढून तोंडाजवळ आणणं, पाकळ्या पडाव्यात म्हणून झाड हलवणं, फूल तोडून केसांत माळणं, यांतलं काहीही करू नका. पुढच्या वर्षीच्या फुलकळ्या उन्हाळ्यातच त्या फांद्यांवर तयार होतात, मोडलेली डहाळी म्हणजे पुढच्या वसंतातली फुलं गेली. काही हिवाळ्यांत ‘उसो’ नावाचे पक्षीही कळ्या खाऊन टाकतात, त्या वर्षी काही फांद्या विरळ दिसतात.

शाकाहारी माणसाला काय मिळेल?

थोडं कष्टाचं आहे. त्सुगारुच्या हानामीत उकडलेले खेकडे आणि शाको (कोळंबीसारखा दिसणारा समुद्री जीव) हा मानाचा पदार्थ. ठेल्यांवरचं काळं कोन्न्याकु कंदाचं असतं, पण ज्या रसात शिजवतात त्यात बहुधा माशाचा अर्क असतो. इगामेन्ची म्हणजे माखलीचे वडे. नूडल्स आणि सूप जवळजवळ सगळी माशाच्या ‘दाशी’वर, म्हणजे अर्काच्या पाण्यावर.

बिनधास्त घेण्यासारखं: तीन रंगांचे तांदळाच्या पिठाचे दांगो, भाजलेलं कणीस (वर सोया सॉस लावतात), बटाट्याला लोणी लावलेला ‘जागाबाता’. हिरोसाकीत ॲपल पायची दुकानं भरपूर आहेत आणि प्रत्येकाची चव वेगळी. अंडं चालत नसेल तर विचारूनच घ्या. कन्व्हिनिअन्स स्टोअरमधल्या उमे ओनिगिरीतही (आंबट प्लम घातलेल्या भाताच्या गोळ्यातही) कधी माशाचा कीस असतो. सांगायचं वाक्य: ‘निकु तो साकाना तो दाशी नाशी दे, ओनेगाइ शिमासु’, म्हणजे मांस, मासा आणि दाशी नको. हेच जपानी लिपीत फोनवर लिहून ठेवलं तर जास्त उपयोग. जैनांनी दशम्या, खाकरे, चटणी आणि इलेक्ट्रिक किटलीत होणारं तयार खाणं बरोबर न्यावं.

कपडे कसे न्यावेत?

दुपारी पंधरा अंशांच्या आसपास, पहाटे आणि रात्री चार-पाच. महाबळेश्वरच्या थंडीचे कपडे पुरत नाहीत. आतून उबदार बनियन, मध्ये स्वेटर, वर वारा अडवणारं जाकीट, कानटोपी. खंदकाकाठी रात्री उभं राहिलं की पाय गारठतात, म्हणून जाड मोजे. पावसाने मातीच्या वाटांचा चिखल होतो, कॅनव्हासचे बूट टाळा.

आजी-आजोबांना आणि बाबागाडीला जमेल का?

बाहेरच्या खंदकाची वाट सपाट आणि सोयीची. आत खडी आणि माती, बालेकिल्ल्याकडे थोडा चढ. चाकाची खुर्ची ढकलायला एक दणकट माणूस हवा. गुडघे दुखणाऱ्यांनी बाहेरचा खंदक आणि ओतेमोनमधून दुसरा कोट एवढंच सावकाश करावं, त्यात बहुतेक सौंदर्य येऊन जातं. स्वच्छतागृहं ठिकठिकाणी आहेत, दुपारी रांगा लांबतात.

ड्रोन किंवा ट्रायपॉड चालेल का?

ड्रोन नेऊच नका. जपानमध्ये १०० ग्रॅम आणि त्यावरच्या ड्रोनची नोंदणी सक्तीची आहे, आणि गर्दीवर उडवायला परवानगी लागते. ट्रायपॉड अरुंद पुलांवर आणि बोगद्यात लावू नका. पोलरायझर फिल्टर असेल तर खंदकाच्या पाण्यावरची चकाकी कमी होते आणि पाकळ्यांचा थर स्पष्ट येतो.

व्हिसा आणि सामानाबद्दल काही?

भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी व्हिसा लागतो. भारतात राहणाऱ्यांना एप्रिल २०२४ पासून एकदा प्रवेशाचा ई-व्हिसा मिळतो, अर्ज व्हीएफएस केंद्रातूनच. विमानतळावर व्हिसाची सूचना फोनवर इंटरनेट चालू ठेवून प्रत्यक्ष पानावर दाखवावी लागते, स्क्रीनशॉट किंवा छापील प्रत चालत नाही. म्हणजे उतरल्या उतरल्या नेट हवं.

एप्रिल हा हापूसचा महिना, आणि तिथल्या नातेवाइकांसाठी पेटी न्यायचा मोह होतो. ताजी फळं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय जपानमध्ये नेता येत नाहीत, आंबे तर जप्तच होतील. आंबापोळी किंवा डबाबंद रस न्या आणि विचारलं तर सांगा. मांसाचे पदार्थ, अगदी सुकवलेलेही, नेऊ नका.

चेरीचा काळ सोडून गेलो तर?

चेरीनंतर साधारण दोन आठवड्यांनी शहराबाहेरच्या सफरचंदाच्या बागा पांढऱ्या फुलांनी भरतात, आणि मेच्या सुट्टीत जाणाऱ्यांना हाच सगळ्यात खात्रीचा बहर. ‘रिंगो पार्क’ या शहराच्या सफरचंद-उद्यानातून मागे इवाकी पर्वतासह तो दिसतो. १ ते ७ ऑगस्टला नेपुता उत्सवात पंख्याच्या आकाराच्या चित्ररथांच्या मिरवणुका निघतात. ऑक्टोबरच्या शेवटापासून नोव्हेंबरच्या सुरुवातीपर्यंत उद्यानात शेवंती आणि मेपलचा उत्सव असतो, तेव्हा चेरीची पानंही तांबडी होतात. फेब्रुवारीत बर्फाच्या कंदिलांचा उत्सव भरतो. आणि हिवाळ्यात बाहेरच्या खंदकाकाठी बर्फाने लगडलेल्या फांद्यांवर गुलाबी प्रकाश सोडतात. मात्र फांद्यांवर ताजं बर्फ असेल तेव्हाच तो पाहायला जा, बर्फ वितळलेल्या रात्री तिथे फक्त उघड्या काटक्या दिसतात.